रिलीव्हर येईपर्यंत

परवा भर दुपारी लाईट गेली. बदलापूरला, आमच्या बेलवलीत आता लाईट जाणं रोजचं राहिलेलं नाही. कुठेतरी खोदकाम असतं, कुठेतरी फांदी पडते आणि थोड्या वेळाने पंखा पुन्हा फिरायला लागतो. पण कपाटाखालच्या यूपीएसने पीप पीप सुरू केलं आणि मी निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून उठले. उठून गेले कुठे, तर कुठेच नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिले. आई तिच्या खुर्चीतून म्हणाली, "बस खाली. बंद करायला आता काही नाहीये."

खरंच काही नव्हतं. माझं काम आता ज्या मशीनांवर चालतं ती लांबच्या कुठल्यातरी शहरात, गार खोलीत असतात. त्यांना एप्रिल कळत नाही. माझ्या घरातली लाईट गेली म्हणून त्यांतलं एकही बंद पडत नाही. पण यूपीएस वाजला की हातात थोडाच वेळ असतो आणि तेवढ्यात चालू असलेलं सगळं नीट बंद करायचं असतं, ही सवय मला एका उन्हाळ्याने लावली. त्या उन्हाळ्याने दुसरंही बरंच काही केलं. ते मी दरवर्षी एप्रिल लागला की आठवत बसते. आठवायचं नाही असं ठरवून पाहिलं. यूपीएसला ते कोणी कळवत नाही.

तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, दोन खोल्यांत. मुंबईला अखंड लाईट आणि आम्हाला भारनियमन, असे ते दिवस. पेपरात वेळापत्रक यायचं. आमची लाईट जायची तेव्हा उल्हासनगरची असायची, उल्हासनगरची गेली की आमची यायची. बायका त्या वेळापत्रकावर वाटण वाटायच्या, पोरं त्यावर अभ्यासाला बसायची आणि शहाणा पाहुणा पंख्याची वेळ विचारूनच घरी यायचा. दुपारी लाईट गेली की सगळी गल्ली उंबऱ्यावर. कोणी पुठ्ठ्याने वारा घेतंय, कोणी ओला पंचा खांद्यावर टाकलाय, कोणी सरकारला शिव्या घालतंय. एमआयडीसीकडून वारा सुटला तर त्याला औषधाच्या बाटलीचा वास असायचा. बाहेरून येणारे नाकाला रुमाल लावायचे. आम्ही कधी लावला नाही. त्या वासावर आमचं घर चालत होतं.

बाबा एका केमिकल कंपनीत बॉयलर अटेंडंट होते. आदल्या हिवाळ्यात कंपनीच्या गेटला कुलूप लागलं आणि ते पुन्हा निघालं नाही. वास मात्र येत राहिला, बाकीच्या कंपन्यांचा. बाबा उंबऱ्यावर बसून नाक जरा वर करायचे आणि म्हणायचे, "हा आपला नाही."

त्यांचं बॉयलरचं सर्टिफिकेट, तरुणपणी सरकारी परीक्षा देऊन मिळवलेलं, बाहेरच्या खोलीत तसबिरींच्या ओळीत फ्रेम करून लावलेलं होतं. जयंतीला तसबिरींना हार घालून झाले की आई त्या फ्रेमलाही एक फूल खोचायची. "ह्यांना पण घाला, नाहीतर रुसतील," म्हणायची. बाबा त्या थट्टेला हसायचे नाहीत. त्यांच्या लेखी पदवी वेगळी आणि सर्टिफिकेट वेगळं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले, पण मला बाजूला घेऊन सांगितलं, "पदवी म्हंजे तू शिकलीस. सर्टिफिकेट म्हंजे तुझ्या भरोशावर कोणतरी मशीन सोडून घरी जाऊ शकतो. ते पण काढ एखादं."

ते मी काढायला बसले होते. दिवसा उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका कपड्याच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर बिलं चढवायची आणि उरलेल्या वेळात घरी बसून सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा कोर्स करायचा, ऑनलाइन. हे नेमकं काय असतं ते घरात कोणाला सांगता येत नव्हतं. एकदा प्रयत्न केला.

"कंपन्यांचे मोठे कॉम्प्युटर असतात ना बाबा, ज्यांच्यावर सगळ्यांचं काम चालतं. ते सांभाळायचे."

"बंद पडू द्यायचे नाहीत?"

"हो."

"म्हंजे बॉयलर," बाबा म्हणाले आणि विषय संपला.

बाबांची कंपनी बंद, त्यामुळे घरात पगार माझा एकटीचा होता आणि तो पगार म्हणण्यासारखा नव्हता. परीक्षा पास झाले तर खरी नोकरी लागणार होती. हे तिघांनाही पुरतं ठाऊक होतं, म्हणून त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं.

सरावाला मशीन हवं होतं, बिघडवलं तरी चालेल असं. ते कॅम्प चारमध्येच मिळालं. आमच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यामागे हरीशभाईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. एकाचा बोर्ड, दुसऱ्याची मेमरी, तिसऱ्याची हार्डडिस्क अशी सोयरीक जुळवून ते मशीन उभं करायचे. माझ्या मशीनला त्यांनी एका बाजूचं झाकण लावलंच नाही. "साईं, ढक्कन लगाएगी तो गरम होगा. खुला रख. और सुन, ये डब्बा चलेगा नहीं, दौडेगा!" पोरीबाळींनाही ते साईंच म्हणायचे. बाबा ते मशीन रिक्षातून मांडीवर घेऊन आले. रस्त्याची धूळ आत जाऊ नये म्हणून उघड्या बाजूवर त्यांनी सबंध वाट आपला रुमाल धरून ठेवला होता.

शिकवणारा कधी दिसला नाही. धड्यांची पानं, आवाजाच्या मोठमोठ्या फाईली आणि प्रश्न विचारायला एक फोरम, एवढाच आमचा वर्ग. आमच्या कनेक्शनवर पहाटेपर्यंतचे काही तास डाउनलोड फुकट असायचं. एरवी महिन्याचा कोटा दोन धड्यांत संपायचा. मला पहाटे उठणं जमत नव्हतं आणि बाबांना झोपणं जमत नव्हतं. जन्मभर पहिल्या पाळीला गेलेला माणूस. कंपनी बंद झाली तरी डोळा आपल्या वेळेला उघडायचाच. मग उठून करायचं काय? चहा व्हायचा, पाणी भरून व्हायचं, पेपर यायला अवकाश असायचा. बाबा दोन खोल्यांत येरझारा घालायचे आणि आई पांघरुणातून म्हणायची, "ओ, पडा जरा. कोण भोंगा वाजवतंय तुमच्यासाठी?"

एक दिवस ते मला म्हणाले, "सुजे, ते कुठलं बटण दाबायचं असतं, मला दाखवून ठेव."

तेव्हापासून माझे धडे बाबा उतरवायला लागले. मी उठेपर्यंत धडा आलेला असायचा आणि बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मशीनसमोर बसलेले असायचे. आई म्हणायची, "कंपनीतून सुटले आणि डब्यात अडकले."

मशीनचं वाट्टेल ते करायचा अधिकार एकाच अकाउंटला असतो आणि तो ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा नसतो, हा अगदी सुरुवातीचा धडा. बाबांचा हात भलत्या जागी पडू नये म्हणून मी त्यांच्यासाठी एक साधा अकाउंट उघडला. नाव ठेवलं बाबा. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं.

"म्हंजे तुझं मालकाचं आणि माझं कामगाराचं?" त्यांनी विचारलं.

"तसंच काहीसं."

"बरं झालं. मालक कधी बॉयलरपाशी आलेला बघितलाय का मी?"

पण आत शिरताना रोज भांडण. बाबांचं इंग्रजी बॉयलरच्या पाट्यांवरचं, म्हणजे सगळं कॅपिटल. कीबोर्डवरही अक्षरं कॅपिटलच छापलेली. मशीनला मात्र बारकी अक्षरं हवी असायची. बाबा एका बोटाने, एकेक अक्षर शोधून कॅपिटलमध्ये आपलं नाव घालायचे आणि मशीन त्यांना बाहेर उभं करायचं. "च्यायला, वॉचमन नवीन दिसतोय," म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून दाबायचे. माझ्याने राहवायचं नाही, मी हात पुढे करायचे. ते माझा हात बाजूला सारायचे. आपल्या गेटातून आपणच आत गेलं पाहिजे, यावर ते ठाम होते.

बॉयलरवरचा माणूस पाळी संपली म्हणून उठून चालायला लागत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन समोर उभा राहतो. जाणारा त्याला सगळं सांगतो: पाणी किती, प्रेशर किती, काय बिघडलं, काय दुरुस्त केलं. सांगून झालं की म्हणतो, चार्ज दिला. येणारा म्हणतो, घेतला. तो "घेतला" म्हणत नाही तोवर जाणाऱ्याने जागा सोडायची नाही, मग बाहेर आभाळ कोसळो. कंपनीने बाबांना बाहेर काढलं तेव्हा हा नियम तेवढा त्यांच्यासोबत बाहेर आला. मी कॅम्प चारहून दमून आले की चप्पल काढायच्या आत रिपोर्ट सुरू व्हायचा.

"लाईट एकदा गेली होती. यूपीएसवर धरलं, वेळेत बंद केलं, परत चालू केलं. बाकी सगळं ठीक आहे. चार्ज दिला."

मी पाणी पिता पिता नुसता हात हलवायचे. ते जागचे हलायचे नाहीत.

"ओ बाबा, घेतला, घेतला!"

मग उठायचे.

एकदा मी मुद्दामच म्हटलं नाही. हातपाय धुतले, केस विंचरले, ताट घेऊन बसले. बाबा खुर्चीत तसेच, हात गुडघ्यांवर, नजर स्क्रीनवर. रागावलेले वगैरे नाहीत, नुसते ड्युटीवर. शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, म्हण बाई एकदाचं! त्यांची भाकरी गार होतेय." मी हसत हसत म्हटलं आणि ते हसत हसत उठले. तेव्हा तो खेळ होता.

त्या उन्हाळ्याची चव विचाराल तर जांभळांची आहे. बदलापूरच्या बाजूच्या बायका टोपल्या घेऊन यायच्या, करवंदं आधी, जांभळं मागून. द्रोण संपला की बाबांची बोटं निळी व्हायची आणि मी त्यांना कीबोर्डला हात लावू द्यायचे नाही. बुद्धपौर्णिमेला आईने खीर केली आणि एक वाटी मशीनशेजारी ठेवली. "तुमच्या बॉयलरला," म्हणाली. विहारातून आलेला पांढरा शर्ट न बदलता बाबा मशीनसमोर बसले, तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्या खांद्यावर आलं होतं. एवढं मला स्पष्ट दिसतं. त्यांच्या चेहऱ्याचे तेव्हाचे बारकावे मात्र आता फोटोत बघावे लागतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

मशीन किती वेळ न थांबता चालू आहे, हे सांगणारी एक कमांड असते. बाबांना ती सगळ्यात आवडायची. सकाळी एकदा, जेवून एकदा, चहानंतर एकदा ते ती घालून बघायचे. भारनियमनाच्या गावात ते उत्तर कधी मोठं व्हायचंच नाही. वाढत वाढत जायचं आणि लाईट गेली की पुन्हा शून्यावर. मी त्यांना सांगितलं, मोठ्या कंपन्यांत वर्षभर एकदाही न थांबलेली मशीनं असतात.

"वर्षभर? इन्स्पेक्शनला पण बंद नाही करत?"

"नाही."

त्यांनी ती कमांड पुन्हा घालून आपला आकडा बघितला. मग म्हणाले, "तिथं ड्युटी करायला पाहिजे." आणि लगेच सावरून, "म्हंजे तू."

फोरमवर एक जण होता, जगाच्या पार पलीकडच्या टोकाचा. नाव कळलं नाही, टोपणनावानेच लिहायचा. मी सुट्टीच्या दुपारी विचारलेल्या प्रश्नाला त्याचं उत्तर हमखास यायचं. "तिकडे आता रात्र असेल," मी एकदा म्हणाले. बाबांना तो लगेच ओळखीचा वाटायला लागला. "तिसरी पाळीवाला आहे तो. त्याला विचार, चहा मिळतो का रात्री." मी खरंच विचारलं आणि लिहिलं की हे माझे वडील विचारतायत, ते बॉयलर चालवायचे. त्यानंतर तो प्रत्येक उत्तराच्या शेवटी बॉयलरमॅनला नमस्कार लिहायचा. बाबा मान हलवून तो स्वीकारायचे.

मी तेव्हा या सगळ्याला विरंगुळा समजत होते. घरी बसलेल्या माणसाचा वेळ जातोय, जाऊ दे. पुढे स्वतः नोकरी केली, माझ्याही अंगावर मशीनं आली, तेव्हा उमगलं. बाबांना नोकरी नको होती, त्यांना ड्युटी हवी होती. कोणीतरी आपल्या भरवशावर काहीतरी सोडून गेलंय आणि ते येईपर्यंत आपण जागचं हलायचं नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं. जगाने ते काढून घेतलं होतं. हरीशभाईंच्या झाकण नसलेल्या डब्यावर त्यांनी ते पुन्हा मांडलं.

परीक्षा मे संपता संपता होती, ठाण्याला. सकाळी मी निघाले तेव्हा बाबा मशीनसमोर बसलेलेच होते.

"आज कशाला चालू केलं?" मी म्हणाले. "मी येईपर्यंत काहीच काम नाहीये त्यावर."

"तू तिथं मशीनवर असणार. इथलं बंद बरं दिसत नाही. जा तू. मी आहे ड्युटीवर."

मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि नजर लगेच स्क्रीनकडे वळवली, मी बाहेर पडताना भरून यायला नको म्हणून.

आमची परीक्षा लिहायची नव्हती, करून दाखवायची होती. तिथे मला एक मेलेलं मशीन दिलं. मुद्दाम बिघडवलेलं असतं ते, चालूच होत नाही. ते उठवलं तर पुढची परीक्षा. सुरुवातीला मी भराभर काहीबाही दाबून पाहिलं. मग मी बाबांसारखी, एकेका बोटाने, घाई न करता एकेक गोष्ट तपासत गेले. शेवटी काळ्या स्क्रीनवर ती साधी ओळ आली, नाव विचारणारी. मशीन उठलं. पुढचंही सगळं जमलं. निकाल मेलवर नंतर यायचा होता, पण मला तिथेच कळलं होतं. अंबरनाथला उतरून बाबांसाठी जांभळांचा द्रोण घेतला आणि जवळजवळ पळत घरी आले.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. शर्ट पाठीला चिकटलेला. मला वाटलं उकाड्याने. आई दारातच उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला नाही, माझ्याकडेच सांगायला इतकं होतं.

"बाबा, मेलेलं मशीन उठलं!"

ते हसले. चांगले तोंडभर हसले. मग श्वास घेऊन, थांबत थांबत म्हणाले, "लाईट एकदा गेली होती. यूपीएसवर धरलं. वेळेत बंद केलं, परत चालू केलं. बाकी सगळं ठीक आहे. चार्ज दिला."

मी द्रोण हातात धरूनच म्हणाले, "घेतला."

तेव्हा ते उठले. खुर्चीच्या हाताला धरून, दोन दमांत. आणि आईला म्हणाले, "चल, आता दवाखान्यात जाऊ."

दुपारपासून छातीत दुखत होतं, हे मला रिक्षात कळलं. आई सांगत होती आणि रडत होती. "किती वेळा म्हटलं चला, शेजारची रिक्षा दारात उभी होती. तर म्हणे, पोरगी येऊ दे. रिलीव्हर आल्याशिवाय बॉयलर सोडत नसतात. कसला बॉयलर, ओ? कसला बॉयलर?" बाबा आमच्या दोघींच्या मध्ये डोळे मिटून बसले होते. मध्येच त्यांनी मला विचारलं, "मेलेलं होतं ते. त्याला काय झालं होतं?" मी सांगितलं. कुठून तपासायला सुरुवात केली, कुठे सापडलं, कसं दुरुस्त केलं, सगळं सांगितलं, कारण सांगत राहिले तर ते ऐकत राहतील असं मला वाटत होतं. "बरोबर," ते म्हणाले. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

उजाडायच्या आत ते गेले. डॉक्टर म्हणाले, दुपारी आणलं असतं तर...

घरी माणसं आली, गेली. त्रिशरण, पंचशील झालं. कंपनीतले जुने लोक आले होते. गेटला कुलूप लागल्यापासून ते पहिल्यांदाच सगळे एकत्र जमले होते आणि त्याचंही त्यांना अवघडल्यासारखं होत होतं. जांभळांचा द्रोण कोणीतरी उचलून फडताळात ठेवला होता. तो मला बऱ्याच दिवसांनी वासावरून सापडला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या घरी गेले आणि घरात आई आणि मी उरलो.

आईने मशीनवर चादर टाकली होती. मी ती काढली आणि मशीन चालू केलं. आम्ही दवाखान्यात निघालो त्या संध्याकाळी बाबा त्यातून बाहेर पडायचे राहिले होते. असं पहिल्यांदाच झालं होतं. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी लाईट गेली असणार आणि यूपीएस माणसांच्या गर्दीत कोणाच्या लक्षात न येता वाजून वाजून गप्प झाला असणार. अशा मशीनमध्ये कोण कधी आत आलं, कधी बाहेर गेलं, हे आपोआप लिहिलं जातं. मी ते उघडलं. बाबांच्या सगळ्या ओळी एकसारख्या होत्या, आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ. शेवटच्या ओळीत आल्याची वेळ होती आणि गेल्याच्या जागी एकच शब्द होता, क्रॅश. त्याचा अर्थ बाबांनीच उतरवलेल्या एका धड्यात होता. माणूस बाहेर पडल्याचं मशीनला माहीत नाही. तो आत होता आणि आपणच कोसळलो, एवढंच ते सांगू शकतं. त्या ओळीपुढे मी रडले. तोपर्यंत मला रडायला सवड मिळाली नव्हती.

मग मेल बघितली. पास झाले होते. फोरमवर तिसऱ्या पाळीवाल्याने विचारलं होतं की पेपर कसा गेला आणि बॉयलरमॅन कुठे आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला त्याच दिवशी लिहिलं. दुसऱ्याचं लिहायला मला पावसाळा उलटावा लागला.

सर्टिफिकेट आल्यावर आईने ते फ्रेम करून बाबांच्या सर्टिफिकेटशेजारी लावलं. नोकरी लागली. कंपनी सोडून गेलेल्या माणसांच्या अकाउंटचं काय करायचं, हे काम सुरुवातीला माझ्याकडे होतं. नवी पोरं उत्साहाने पुसून टाकतात. पण नुसता अकाउंट पुसला तर त्या माणसाच्या फाईली जात नाहीत, फक्त त्यांच्यापुढचं नाव जातं आणि नावाच्या जागी नुसता आकडा राहतो. पुढे कोणा नव्या माणसाला तोच आकडा मिळाला तर त्या फाईली त्याच्या होऊन बसतात. म्हणून जाणता माणूस घाई करत नाही, नुसतं कुलूप लावतो. आत कोणी येत नाही, पण नाव राहतं. मी हे काम फार जपून करते असं तिथले लोक म्हणायचे. बाबांच्या अकाउंटला मी कुलूपसुद्धा लावलेलं नाही. हरीशभाईंचा डब्बा दौडून दौडून कधीच थांबला. त्यानंतर घरात जे जे मशीन आलं त्यावर पहिला अकाउंट त्यांचा असतो, बारक्या अक्षरांत.

वर्षभर न थांबलेली मशीनं आता मी रोज बघते. आकडा बघितला की वाटतं, कोणाला तरी सांगावं.

आणि एक गोष्ट अजून सुटत नाही. यात माझी चूक नव्हती हे मला समजतं, आईलाही समजतं. तरी मनात येतंच. त्या संध्याकाळी मी "घेतला" म्हटलं म्हणून ते उठले. नसतं म्हटलं तर? वेड्यासारखं आहे हे. दवाखान्यात न्यायलाच तर हवं होतं, लवकर न्यायला हवं होतं. पण मन हिशोबाने चालत नाही. त्याला एवढंच दिसतं की बाबा खुर्चीत होते तोवर होते.

आम्ही बदलापूरला आलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. येताना आईने बाकी सामानातलं बरंच वाटून टाकलं, ती खुर्ची मात्र आणायला लावली. मशीनसमोरची, लाकडी, एका हाताचं पॉलिश उडालेली. आता आई तीत बसते. या हिवाळ्यापासून ती फार थकली आहे. चार पावलं चालली की भिंतीला टेकते आणि मला दिसू नये म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारखं करते.

संध्याकाळी मी कामावरून येते. जन्मभर ज्या रिपोर्टची तिने थट्टा केली तो आता तीच देते. कधी सुरू झालं ते दोघींनाही सांगता येणार नाही. मी दारात दिसले की सुरू.

"लाईट एकदा गेली होती. भाजीवाली आली नाही. डाळ शिजवून ठेवलीय. बाकी सगळं ठीक आहे." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "चार्ज दिला."

मी चप्पल काढते. पाणी पिते. खिडकी उघडते. ती हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघत असते.

"म्हण ना गं," ती म्हणते.

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसते आणि म्हणते, "बस अजून थोडा वेळ."